अक्षताचा डावा गाल

शरयूनं एकादशीला साबुदाण्याची खिचडी करायची सोडून दिली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, वसंताला वाटलं की बाईचं देवावरचं मन उडालं. तसं काही नव्हतं. उपास ती बराबर धरायची, भगर खायची, रताळी खायची. फक्त भिजलेल्या साबुदाण्यात तिला हात घालवत नव्हता. बोटाखाली दाणा आला, जरा दबला, जरा सरकला, की तिच्या पाठीतून शिरशिरी जायची आणि ती परात तशीच टाकून मोरीत हात धुवायला जायची. साबणानं, दोनदा. आता साबुदाण्याला भिणारी बाई म्हटल्यावर कुणालाही हसू येणार. या, हसा. पण ती का भिते ते आधी ऐकून घ्या, मग तुमचं तुम्ही ठरवा.

बदनापुरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर शरयूचं ब्यूटी पार्लर आहे. दोन खुर्च्या, फेशियलचा एक पलंग, भिंतभर आरसा. एकोणीस वर्षं झाली. आजूबाजूच्या खेड्यांतल्या किती नवऱ्या मुली तिच्या हाताखालून मांडवात गेल्या, त्याची गणती नाही. तिच्या फेशियलचं नाव होतं. क्रीम सगळ्यांकडं तीच असते हो, कंपनी तीच, डबा तोच. हात मात्र तिचा एकटीचा. डोळे मिटून करायची. हनुवटीपासून गालावर, गालावरून कानाकडं, मग जबड्याच्या काठानं खाली मानेत. बायका अर्ध्यातच घोरायला लागायच्या.

हा हात तिला आईकडून आला. आई साळूबाई, आष्टीची. गावात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. शरयू हे नावसुद्धा तिनं न्हाऊ घातलेल्या एका मास्तरांच्या पोरीचं. कानाला गोड लागलं म्हणून उचललं आणि आपल्या पोरीला ठेवून दिलं. साळूबाई पाटावर बसून पाय लांब करायची, पायांवर उघडं पोर, बाजूला कोमट तेलाची वाटी. नकटं नाक चिमटीत धरून ओढायची, चेपलेलं डोकं तळव्यानं गोल करायची, गालाला खळी पडावी म्हणून अंगठा दाबायची. "वलं हाय तवर वळतं," म्हणायची, "येकदा सुकलं की मंग देव आला तरी वळत न्हाई." आष्टीच्या बाजारात सरळ नाकाचा माणूस दिसला की खुशाल बोट दाखवून सांगायची, हे माझं काम. नाक त्याच्या बापावर गेलं असेल, पण साळूबाईपुढं तसं बोलायची कुणाची छाती नव्हती.

अक्षता त्यातलीच एक. जन्मली तेव्हा साळूबाईनंच तिला सव्वा महिना न्हाऊ घातलं होतं. पुढं अक्षता बदनापूरजवळच्या एका खेड्यात नांदायला आली आणि शरयूकडं येऊ लागली. माहेरच्या गावची म्हणून "ताई, ताई" करायची. रंग सावळा, डोळे मोठे, नाक खरंच सरळ. दोष म्हणाल तर एकच, गाल बसलेले. लहानपणापासून तसेच. पोटभर जेवायची, दूध प्यायची, अंगही बरं होतं, पण गालफडं वर यायची नाहीत.

माहेरी याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. सासरी मात्र तो इभ्रतीचा मामला झाला. खात्यापित्या घरची सून, आणि तोंड असं. महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत एक म्हातारी सगळ्यांदेखत बोलली, "सुनेला खायला घालून राह्यले का न्हाई?" सासूला ते फार झोंबलं. चार दिवसांनी तिनं अक्षताला हाताला धरून शरयूची माडी चढवली.

"हिला आमच्या घरात काय कमी हाय का, तूच सांग," सासू खुर्चीत बसत म्हणाली. "पर तोंड बघून लोक आमालाच बोलतेत. कायतरी कर बाई."

शरयू म्हणाली, "गुरुवारी आणा. डॉक्टर येतेत."

डॉक्टर म्हणजे राधेश्याम. जालन्याहून यायचा. पांढरा कोट, हातात बॅग, बोलणं लोण्यासारखं. एका दवाखान्यात तो पाच वर्षं कंपाउंडर होता, एवढंच त्याचं डॉक्टरपण, आणि हे शरयूला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिनं खालच्या बोर्डावर 'दर गुरुवारी डॉक्टर उपलब्ध' असं रंगवून घेतलं होतं. खोटं कशाला बोला, तिला त्या ओळीची ऐट वाटायची. साळूबाईची पोरगी, दहावी नापास, आणि तिच्या दुकानात डॉक्टर बसतो. राधेश्याम आपल्या कमाईतला वाटाही ठेवून जायचा आणि ती तो घ्यायची.

गुरुवारी राधेश्यामनं सासूला समजावून सांगितलं. "दोन जाती असतात, माऊशी. एक साल-दीड सालात विरघळते, मंग परत भरावी लागते. दुसरी कायमची. एकदा टाकली की टेन्शनच न्हाई."

"इरघळणारं काय करू?" सासू म्हणाली. "भांडं घेताना बी आपण जाड बुडाचं घेतो. कायमचंच टाका."

"बराबर," शरयू म्हणाली.

आपल्याकडं कायमचं हा शब्दच असा आहे की तो ऐकला की माणूस पुढचं विचारत नाही. पक्कं घर, पक्का रंग, पक्की नोकरी. माणसाचं तोंड मात्र दर वर्षाला बदलतं, सुटतं, ओघळतं, आणि आत घातलेलं तसंच राहिलं तर काय होईल, हे त्या तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. अक्षताला कुणी विचारलंच नाही. ती खुर्चीत बसून आरशात सगळ्यांची तोंडं बघत होती. काचेची लहान बाटली निघाली, वर चिठ्ठी नाही, आत ग्लिसरिनसारखं दाट पाणी. पहिली सुई टोचली तेव्हा अक्षतानं शरयूचं मनगट घट्ट धरलं. दोन्ही गाल भरले. जाताना राधेश्याम बजावून गेला, "दहा दिवस हात लावायचा न्हाई."

अक्षता सहाव्या दिवशी आली. गाल छान दिसत होते. सासूनं तीट लावून पाठवलं होतं. पण शरयूची नजर तयार. डावा गाल उजव्यापेक्षा किंचित उंच होता. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. शरयूनं आईला फोन लावला. दहा दिवसांची अट काही तिनं आईला सांगितली नाही, नुसतं विचारलं, "आई, एक गाल वर दिसून राह्यला, काय करू?"

"आत भरलेलं वलं हाय ना अजून?" तिकडून साळूबाई म्हणाली. "मंग फिरव हात. का सुकायची वाट बघती?"

राधेश्यामला फोन करता आला असता. केला नाही. आईचा सिद्धांत पन्नास वर्षं पोरांच्या तोंडांवर चाललेला, त्यापुढं कंपाउंडरचं काय ऐकायचं. शरयूनं अक्षताला पलंगावर आडवी केली, बोटं तेलात बुडवली आणि डावा गाल वळायला घेतला. हनुवटीपासून वर, कानाकडं, जबड्याच्या काठानं खाली मानेत. पाच दिवस रोज, जरा जोर लावून. अक्षता म्हणाली, "ताई, दुखतंय." शरयू म्हणाली, "बस, थोडंच राह्यलंय." पाचव्या दिवशी दोन्ही गाल एकसारखे झाले. त्या दिवशी शरयूला आपल्या हाताचा इतका अभिमान वाटला की तिनं अक्षताचा फोटो काढून आरशाच्या कडेला लावला.

तीन वर्षं सुखाची गेली. अक्षताला स्वरा झाली. गावात कुणी बोलायचं बंद झालं. राधेश्याम मात्र एका गुरुवारी आला नाही, पुढच्याही आला नाही, आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला. शरयूनं बोर्डावरची ओळ पांढऱ्या रंगानं पुसून टाकली आणि वसंताला सांगितलं की बरं झालं, पीडा गेली.

एका मंगळवारी अक्षताचं फेशियल चाललं होतं. तिचे दिवस ठरलेले, महिन्यातले दोन मंगळवार. शरयूचे डोळे मिटलेले. आणि डाव्या कानाच्या पुढं, कातडीखाली, तिच्या मधल्या बोटाला दाणा लागला. ज्वारीचा दाणा असावा एवढा. बोट पुढं गेलं, परत मागं आलं. दाणा जरा दबला, जरा सरकला. शरयूनं डोळे उघडले. वरून गाल गुळगुळीत, आरशासारखा. अक्षता शांत झोपली होती.

सांगायचं होतं तेव्हाच. दवाखान्यात धाडायचं होतं. पण आम्हा माणसांची खोड अशी की आपल्या हातून बिघडलंय अशी शंका आली की तोच हात आणखी जोरात चालवतो. शरयूला वाटलं, गाठ आहे, वाफ देऊन चोळली की मोडेल. लचक मोडतो तशी. वर्षभर तिनं महिन्यातल्या त्या दोन्ही मंगळवारी वाफेचा डबा लावला आणि त्या जागी अंगठा फिरवला. दाणा मोडला नाही. हरभऱ्याएवढा झाला. मग जबड्याच्या काठावर दुसरा लागला. मग तिसरा, आणखी खाली. ज्या दिवशी मानेजवळ चौथा लागला, त्या दिवशी शरयूनं हात काढून घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आजपास्नं तुला हलकंच करत जाऊ, कातडी नाजूक झालीय तुझी."

त्यानंतर तीन वर्षं शरयूचा हात त्या गालावरून वळसा घालून जात राहिला. हनुवटी, उजवा गाल, कपाळ, आणि डावीकडं आलं की नुसती बोटं टेकवल्यासारखी.

आणि जे तिनं अक्षताच्या गालावर टाळलं, ते तिला जिथं तिथं भेटू लागलं. कणीक मळताना मिठाचा खडा लागला की ती तो चिमटीत धरून मोरीत फेकायची. तुरीची डाळ निवडता निवडता ती थांबायची आणि बोटात एकच दाणा धरून बसायची. सकाळी तोंड धुताना स्वतःचे गाल चाचपायची, एकदा, परत एकदा, जबड्याखाली, कानामागं. वसंता दुपारचा झोपला की हळूच त्याच्या गालावर बोटं फिरवायची. तो एकदा जागा झाला आणि लाजला. त्याला वाटलं, बायकोला या वयात प्रेम आलंय. दुसऱ्या बायकांची तोंडं हातात घ्यायची तिला भीती वाटायला लागली. राधेश्यामनं तिच्या माडीवर आणखी चौघींना सुया टोचल्या होत्या. त्यातली कुणी जिना चढताना दिसली की शरयू हाताखालच्या पोरीला पुढं करायची आणि आपण बिल बघायला बसायची. जिन्यावर पाऊल वाजलं की तिला वाटायचं, आली, आता ही गालाला हात लावून उभी राहणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

मधे साळूबाई वारली. तेराव्याला आष्टीतली म्हातारी माणसं येऊन सांगत होती, माझं नाक साळूबाईनं केलं, माझ्या पोराचं डोकं साळूबाईनं गोल केलं. शरयू कोपऱ्यात बसून ऐकत होती आणि तिला भयंकर राग येत होता. आईचा राग, स्वतःचा राग. आईला विचारलं तेव्हा खरं सगळं सांगितलं नाही, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तो राग आईवर टाकताही येईना.

मग गेल्या दिवाळीनंतर अक्षताची दाढ दुखली. जालन्यात दाताच्या डॉक्टरनं दाढ काढली, आणि आठवड्यात डावा गाल टरारून सुजला. लाल, गरम. गोळ्यांनी उतरला, पुन्हा आला. पुन्हा उतरला, आणि या वेळी उतरताना मागं गाठी ठेवून गेला. इतके दिवस बोटाला लागायच्या त्या आता डोळ्याला दिसायला लागल्या. कानापुढं एक, गालाच्या मधोमध दोन, जबड्यावर रांग. ज्या तोंडानं घराची इभ्रत वाचवायची होती, ते तोंड पदराआड गेलं. सासूनं सुनेला लग्नाकार्यात न्यायचं बंद केलं. अक्षता तरीही यायची. दुसरा मंगळवार, चौथा मंगळवार. पलंगावर आडवी व्हायची, डोळे मिटायची. एक शब्द तक्रारीचा नाही. ती भांडली असती तर शरयूला सुटल्यासारखं झालं असतं. तिच्या त्या गप्प राहण्यानं शरयूची झोप उडाली.

मार्चातल्या एका मंगळवारी अक्षता पलंगावर चढली नाही. खुर्चीत बसली.

"ताई, संभाजीनगरला एका डॉक्टरीण बाईकडं गेल्ते," ती म्हणाली. "प्लास्टिक सर्जन हायेत. फोटो काढले, मशीनीत घातलं. त्या म्हणल्या, आत भरलेलं नेमकं काय हाय ते कळाल्याबिगर मी हात लावत न्हाई. इरघळणाऱ्या जातीचं असलं तर औषध देऊन जाईल. दुसरं असलं तर कापावं लागतं, आन् तिथनं तोंडाची नस जाती. चुकलं तर तोंड वाकडं होईल." तिनं पदर सारखा केला. "राधेश्याम डॉक्टर सापडत न्हाई. बाटलीवर काय लिहिल्यालं होतं, तुमाला आठवतंय का?"

शरयू म्हणाली, "बघते. जुन्या वह्या काढून बघते."

कसल्या वह्या. ती चिठ्ठी नसलेली बाटली सात वर्षं तिच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

वसंताला तिनं त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळं सांगितलं. साबुदाण्यासकट. वसंता बिचारा साधा माणूस, लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढं जन्म गेला. त्यानं बराच वेळ मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "कुणी तुझ्याकडं बोट दाखवलंय का?"

"न्हाई."

"मंग झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या पोलिसात गेलं परकरण तर दुकान जाईल. डॉक्टर बिनडिग्रीचा हे तुला ठाव होतं, हे कळालं तर तू बी आत जाशील. सांग की आठवत न्हाई म्हणून. सात वर्ष झाले."

शरयूला ते पटलं. खरंच पटलं. दोन दिवस तिनं मनात ते वाक्य घोटलं, 'आठवत न्हाई गं'. आणि दोन्ही दिवस तिला एकच दिसत राहिलं: ती डॉक्टरीण विरघळायचं औषध टोचतेय, ते विरघळत नाही, मग अंदाजानं चाकू चालवतेय आणि अक्षताचं तोंड एका बाजूला ओघळतंय. तिसऱ्या दिवशी तिनं अक्षताला फोन केला आणि म्हणाली, "मी येते तुझ्यासंगं. डॉक्टरीण बाईला मीच सांगते." वसंता त्या दिवशी न जेवता पाळीवर गेला.

डॉक्टर प्रियदर्शनी वयानं शरयूपेक्षा लहान होत्या. केस आखूड, बोलणं तुटक. शरयूनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. तो डॉक्टर नव्हता आणि हे मला माहीत होतं. कायमचं आहे म्हणाला होता. ग्लिसरिनसारखं दाट होतं. बाटली उघडी राहिली तरी वाळत नव्हतं. बोटाला लागलं ते साबणानंही लवकर निघालं नाही.

"सिलिकॉन असणार," डॉक्टर म्हणाल्या. "मला तोच संशय होता. याला विरघळवणारं औषध नाही. बरं झालं तुम्ही आलात, नाहीतर मी आधी ते इंजेक्शन देऊन बघितलं असतं आणि गाल पुन्हा पेटला असता."

शरयूला वाटलं, सुटले. एवढंच होतं तर. ती दाराकडं वळणार, इतक्यात डॉक्टरांनी अक्षताला पलंगावर झोपायला सांगितलं आणि खिशातून जांभळा मार्कर काढला.

"मशीनमध्ये मोठ्या गाठी दिसतात, बारीक सगळ्या नाहीत," त्या शरयूला म्हणाल्या. "तुम्ही सात वर्षं हा चेहरा हाताळताय. तुमच्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. कुठं कुठं लागतं ते दाखवा, मी खुणा करते."

नाही म्हणायची सोय नव्हती. शरयूनं हात धुतले, पुसले. तीन वर्षांनी तिनं अक्षताच्या डाव्या गालावर बोटं दाबून टेकवली. सवयीनं तिचे डोळे मिटू पाहत होते. तिनं मिटू दिले नाहीत. अक्षता टक्क उघड्या डोळ्यांनी वर तिच्याकडंच बघत होती.

"इथं," शरयू म्हणाली. डॉक्टरांनी गोल काढला. "इथं. इथं बारीक हाय. ह्या दोन चिकटल्यात." बोटं चुकत नव्हती. गाल, कानाचा पुढचा भाग, जबड्याचा कोपरा. मग जबड्याच्या काठानं खाली. जिथं मशीनीत काही दिसलं नव्हतं, तिथं मानेजवळ तिला तीन सापडल्या. तिनं हात काढला. डॉक्टर मागं सरून बघायला लागल्या.

अकरा जांभळे गोल होते. आणि ते कसेही पसरलेले नव्हते. गालावरून कानाकडं, कानापासून जबड्याच्या काठानं मानेत, एकामागं एक, पेरणी केल्यासारखे.

"विचित्र आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उजव्या बाजूला जे टोचलं ते जागेवर आहे. डावीकडंच असं रांगेनं कसं गेलं खाली?"

शरयू त्या खुणांकडं बघत राहिली. तो रस्ता तिला पाठ होता. एकोणीस वर्षं रोज त्या रस्त्यानं तिचे हात गेले होते. हे कुणी तिला विचारलं नसतं. डॉक्टरांनाही कळलं नसतं. तिच्या तोंडात 'काय की' हे दोन शब्द आले होते, आणि वसंताचा पडलेला चेहराही आठवला.

"माझ्या हातानं गेलं," ती म्हणाली. "दहा दिवस हात लावू नका म्हणला होता. मी सहाव्या दिवशी लावला. एक गाल उंच दिसत होता म्हणून पाच दिवस चोळला. पुढं गाठ लागली तर ती बी चोळली. वर्षभर. तिला दुखत होतं तरी."

डॉक्टर मार्करचं टोपण लावून, खुर्ची ओढून बसल्या आणि अक्षताला समजावून सांगू लागल्या. सात गाठी तोंडाच्या आतून आणि जबड्याखालून काढता येतील, महिना-दीड महिन्यात करू. चार नसेच्या अंगावर आहेत, त्या काढायला गेलं तर हसू जाईल, म्हणून त्या राहू द्यायच्या. कायमच्या. कधीतरी सुजतील, तेव्हा औषध. मग शरयूकडं वळल्या. "आणखी कुणाकुणाला टोचलं होतं त्यानं?" शरयूनं चौघींची नावं सांगितली. त्यांना घेऊन या, डॉक्टर म्हणाल्या, काही होत नसलं तरी. आणि कुणाच्याही गालाला हात लावू नका.

परतीच्या गाडीला पाऊण तास होता. दोघी स्टेशनच्या बाकड्यावर बसल्या. अक्षतानं पदर घेतला नव्हता. जांभळे गोल तसेच गालावर होते आणि येणारे-जाणारे वळून बघत होते. शरयूला वाटलं, आता ही बोलेल. शिव्या देईल. द्याव्यात. तिनं मनाची तयारी केली होती, पण अक्षता रुळांकडं बघत बसली होती.

शेवटी शरयूलाच राहवलं नाही. "तुला धक्का बसला असंल," ती म्हणाली.

"न्हाई. मला ठाव होतं."

"कधीपास्नं?"

"तुमचा हात वळसा घालायला लागला तव्हापास्नं. आपल्या तोंडावर कुणाचा हात कुठं टाळून राह्यलाय, ते कळतं ताई. डोळे मिटले तरी कळतं."

तीन वर्षं. महिन्याचे दोन मंगळवार, ही पलंगावर पडून सगळं जाणत होती. "मंग बोलली का न्हाईस मला? भांडायचं होतं. दुसरीकडं जायचं होतं. का येत राह्यलीस?"

अक्षतानं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"घरात आता ह्या तोंडाला कुणीच हात लावत न्हाई," ती म्हणाली. "नवरा दुसरीकडं तोंड करून निजतो. स्वरा मुका घ्यायची ती आता हाताचा घेती. तिला तरी काय बोलू, लहान हाय. महिन्यातनं दोनदा तुमचे हात लागायचे, तेवढेच. भांडले असते तर ते बी गेले असते."